आईची घरगाडी

म्हसावद, १० नोव्हेंबर २०२४

ती. उज्ज्वलाताईस, सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही पटत नाही, पत्रच हवं. ही सवय लावणाऱ्या तुझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांना माझा दंडवत.

बंगल्याची वास्तुशांत झाली. आई अजून अंगणातल्या घरगाडीतच आहे. तोरणमाळला टुरिस्ट न्यायला घेतलेली गाडी ही. पलंग, पंखा, संडाससुद्धा आतच. लोक भाडं देऊन राहतात. पण तो संडास आईने तुंबवलाय! शेजारच्या फुलीबाईच्या चुलीतली राख आणून आत टाकते. तुझी भावजय रुपा वैतागलीय. आम्ही लग्नाला सुरतेला चाललोय, तेवढ्यात येऊन आईला समजाव, म्हणजे तिला गाडीतच कायमचं नीट राहता येईल.

लोभ आहेच, राग धरू नकोस.
भूपेश

नंदुरबार, १८ नोव्हेंबर

चि. भूपेशला अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुरतेला होतात तेव्हा येऊन संडास मोकळा केला. खालच्या मैल्याच्या टाकीच्या तोंडाशी राखेचा गारा बसला होता. कढत पाणी आणि भांड्यांचा साबण ओतून दुपारभर मुरू दिलं, मग बांबूच्या काठीने ढोसलं. शाळेत सिस्टर पाळीपाळीने न्हाणीघरं घासायला लावायच्या तेव्हा मी रडायचे. परवा नाही रडले.

आईला राखेचं विचारलं. वास बंगल्यापर्यंत येतो, असं रुपा म्हणाली होती म्हणे. शेतात जायचो तेव्हा ती वर राख टाकून झाकायची, तेच इथे केलं. वर पाणी अर्धाच मग, कारण गाडीतली पाण्याची टाकी रिकामी झाली की ती भरायला तुला हाक मारावी लागते.

आपल्याला बांधाआड बसवून ती पाठ करून राखण करायची, आठवतं? ती आता संध्याकाळची भाकर खात नाही. खाल्लं की जावं लागतं, म्हणाली.

बंगल्यातली मागची खोली तिला दे रे. एवढंच मागते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
ताई

म्हसावद, २५ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

फार उपकार झाले. आमच्यापैकी कुणाचा हात गेला नसता त्यात! मागच्या खोलीत आमचा भाग्येश अभ्यास करतो. आणि संडास आता सुरळीत आहे, मग खोलीचा प्रश्न उरतोच कुठे? रुपाही हेच म्हणते. आईला फक्त राखेचं पुन्हा एकदा बजाव.

माया पातळ करू नकोस.
भूपेश

नंदुरबार, ५ डिसेंबर

चि. भूपेशला आशीर्वाद.

तुम्ही बाजाराला गेला होतात, तेव्हा आईला घेऊन आले. मी तो संडास तिच्यासाठी मोकळा केला होता, आणि तू त्याच्याच जोरावर तिला बाहेर ठेवलंस. पुन्हा तिथे पाठवणार नाही.

इथे तिला खोली आहे, संडास दाराशीच आहे. तरी ती ताटातली अर्धी भाकर बाजूला काढते. आत जाण्याआधी माझ्यापुढे येऊन उभी राहते आणि हळूच विचारते, माय, जाऊ का, तुंबी तर नही जाई ना. रोज विचारते.

मी हे पत्र इथेच संपवणार होते. पण भूपेशवर लोभ ठेव, तसं लिही, असं आई शेजारी बसून सांगते आहे. लोभ आहे. तिने सांगितलं म्हणून लिहिलं.

उज्ज्वला