ताईंचं तेवढंच सांगा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आज भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मध्येच बसलो आणि वाटलं, आता तुम्हाला सांगून टाकावं. फार दमलोय हल्ली.

आपलं कर्णबधिर केंद्र आठवतं. भाईंदरला नगरपालिकेने दिलेल्या दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. ती सुरू झाली की मुलांना तळपायांतून कळायचं, आणि ती हसायची. मी आपला शाळेतल्या कवितांत रमणारा मास्तर. तुम्ही मला हातांची भाषा शिकवलीत आणि उत्तनच्या ताईंचा दुभाष्या केलंत. ताईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण तुमच्यानंतर केंद्र त्याच चालवणार, हे तुम्ही ठरवूनच टाकलं होतं.

पाण्याच्या टंचाईत आपण तिघं नगरपालिकेत गेलो होतो. ताईंनी हातांनी सांगितलं, पाणी नाही, मुलांना घरी पाठवलंय. मी काय बोललो? "साहेब, ही कोवळी पाखरं चोची वासून आभाळाकडे बघतायत हो!" साहेब खूश. "वा, मास्तर! यापुढे तुम्हीच बोलत जा." टँकर आला, पण तुम्ही मला रिक्षातच झापलंत. "पाखरं कुठून आली? ताईंचं तेवढंच सांगा. तुम्ही फुलवून सांगता आणि साहेब त्यांच्याकडे बघतच नाही." काय झालं, असं ताईंनी खुणेनं विचारलं, तर तुम्ही हातांनी पाखरं उडवून दाखवलीत. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. तेव्हापासून त्यांच्या भाषेत माझं नाव पडलं ते असं: तोंडातून दोरा ओढत राहायचा, लांबच लांब.

मग तुम्ही गेलात. तुमचं तेरावंही झालं नव्हतं, तोच साहेबांनी आम्हाला बोलावलं. "मास्तर, केंद्र तुम्ही घ्या. फोन तरी उचलाल. यांना ऐकू येत नाही, या लोकांचं काय ऐकणार?" मी ते जसंच्या तसं ताईंना सांगतो, एक शब्द मऊ करत नाही. ताईंचे हात वर येतात आणि मी बोलतो, "बाई आजारी होत्या तेव्हा केंद्र मीच चालवलं. पुढेही चालवीन." बस्, तेवढंच. "ते ठीकय हो, पण मास्तर, तुमचं काय?" ताई माझ्या ओठांकडे बघतायत. जिभेवर काय काय आलं होतं, बाई.

"मी फोन उचलीन," म्हणालो.

साहेबांनी खांदे उडवले. "मग चालू द्या."

ताईंनी केंद्र निवृत्तीपर्यंत चालवलं, आणि चांगलं चालवलं. मी फोन उचलत राहिलो. पलीकडचा मलाच प्रमुख समजायचा, मी म्हणायचो, "थांबा, मॅडमना विचारतो." दिवसभर दुसऱ्याचं बोलून घरी आलो की स्वतःची एक कविता म्हणायलाही तोंड उरायचं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? राहू दे इथेच, उशीखाली. पण ती खुर्ची मला हवी होती, बाई. अजूनही कधी कधी हवीशी वाटते.