पाठ टेकल्यानंतर

नेपरव्हिल, ३ जून २०२४

ती. एकनाथमामांस, पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही आम्हाला फक्त कपाळ दाखवता, म्हणून म्हटलं पत्रच बरं. आम्ही ठीक. गिरीशची शिकागोची ट्रेन आणि माझे गुडघे दोन्ही रोज कुरकुरतात.

आता खरं कारण. ओजस इंटर्नशिपसाठी सहा आठवडे तुमच्याकडे येतोय. तेवढ्यात त्याच्या डोक्यातून हा फुटबॉल काढा. आपला पायाने खेळायचा नव्हे हो, इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. समोर बॉल फेकणारा एक पोरगा, क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरांची भिंत. आमच्या चिरंजीवांनी तीन सेकंदांत त्या भिंतीतून घुसून फेकणाऱ्याला पाडायचं. मी एकही मॅच पाहिलेली नाही, पाहवणारच नाही.

कोच म्हणतो, पाय चपळ आहेत पण हात अडकतात. ऑगस्टपर्यंत सुधारले नाहीत तर शाळेचं शेवटचं वर्ष बेंचवर. मला तर बरंच वाटलं. पण ओजस म्हणाला, हे गेलं तर माझ्याकडे माझं असं काय उरलं? म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही आयुष्यभर पुस्तकात डोकं घातलेला शांत माणूस. तुमचं ऐकेल तो. सीमामामींना नमस्कार. भाचीवर माया आहेच, ती या कामी थोडी खर्च करा.

तुमची,
पद्मजा

अल्फारेटा, १० जुलै २०२४

चि. सौ. पद्मजास अ. उ. आ.

आधी पाणी पी, मग पुढचं वाच. तुझा मुलगा मी बिघडवला.

समजवायलाच बसलो होतो गं. त्याने एका मॅचचा व्हिडिओ लावला. बघता बघता माझेच हात हलायला लागले. समोरचा पोरगा सरळ छातीला हात लावतोय आणि हा छाती देतोय! मला राहवेना. ही तर खडाखडी. कुस्तीत डाव लागायच्या आधी दोघं एकमेकांची मनगटं झटकतात, मान दाबतात, तोल चाचपतात, ती. तुझ्या आईने तुला सांगितलं नसेल, पण वीस वर्षांचा होईपर्यंत मी विट्याच्या तालमीत होतो. चांगला होतो.

गाडी अंगणात काढली, गॅरेजात फोमच्या गाद्या टाकल्या. पहाटे सहापासून बैठका आणि मनगटं. पाडून घ्यायला शेजारचा यश येतो, कॉलेजात आहे, अंगाने दोन ओजस होईल. सीमा मला म्हातारचळ लागला म्हणते आणि तिघांना शिरा करून घालते.

माझा नियम एकच. समोरच्याची पाठ टेकली की त्या क्षणी हात सोडायचा आणि त्याला हात देऊन उठवायचं. सुरुवातीला ओजस विसरायचा, मी प्रत्येक वेळी पन्नास बैठका काढायला लावल्या. आता झोपेतसुद्धा विसरणार नाही. शिवाय त्याने मला अधूनमधून मराठीत पत्र लिहायचं, हे कबूल करून घेतलंय. तेवढं तरी तुला आवडेल.

रागावलीस तरी उत्तर धाड. आशीर्वाद परत घेत नसतात, तू अबोला धरलास तरी.

एकनाथमामा

नेपरव्हिल, १५ सप्टेंबर २०२४

मामाआजोबांना नमस्कार. मोठ्यांना शि. सा. लिहायचं असं आई म्हणाली, पण त्याचा फुल फॉर्म मला येत नाही, सो नुसता नमस्कार.

ऑगस्टमध्ये कोचने माझे हात बघून मला स्टार्टर केलं, म्हणजे मॅचच्या सुरुवातीपासून मैदानात, ते आईने कळवलं असेल. शुक्रवारची मॅच मात्र मीच सांगतो, नाहीतर कुणी व्हिडिओ पाठवेल. सगळ्यांकडे आहे.

आम्ही चार पॉइंट्सनी पुढे होतो. लास्ट प्ले. माझ्यासमोरचा मुलगा माझ्यापेक्षा ऐंशी पाउंड जास्त. त्याने हात टाकला, मी मनगट झटकलं, कंबर घातली आणि तो सरळ पाठीवर. एकदम परफेक्ट. क्वार्टरबॅक पाच पावलांवर, मध्ये कोणीच नाही. आणि मी थांबलो. मी खाली वाकून त्याला हात दिला. तोपण कन्फ्यूज झाला यार, हात धरू की नको. तेवढ्यात बॉल माझ्या डोक्यावरून गेला आणि आम्ही हरलो.

मी विचार करून थांबलो नाही. हात आपोआप गेला. कोचने विचारलं की तू मॅच खेळायला येतोस की लोकांना उठवायला. आता मी बेंचवर. शाळेत मुलं मला बघून मुद्दाम खाली पडतात आणि हात पुढे करतात. मी टीम सोडतोय. तुमच्यावर राग आहे. खूप नाही, पण आहे.

ओजस

नेपरव्हिल, १८ सप्टेंबर २०२४

ती. एकनाथमामांस शि. सा. न. वि. वि.

ओजसचं पत्र मिळालं असेल. मला जे हवं होतं तेच झालं, नाही का? जूनपासून देवापाशी हेच मागत होते. आणि आता तो शाळेतून येतो, खोलीचं दार लावतो, जेवायला खाली येतो तेव्हा ताटाकडे बघत बसतो. गिरीशने विनोद करून पाहिला, तोही त्याच्या अंगाशी आला.

तो व्हिडिओ मी चोरून पाहिला. सगळे हसतात तिथे मला रडू आलं. एवढ्या आरडाओरड्यात माझ्या मुलाला पडलेल्या पोराला उठवावंसं वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? पण हे त्याला सांगितलं तर आणखी चिडेल. मामा, तुम्हीच त्याला लिहा. मी जूनमध्ये सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं लिहा. माझ्या या कोलांटउडीला हसा हवं तर, पण लिहा.

तुमची,
पद्मजा

अल्फारेटा, २२ सप्टेंबर २०२४

चि. ओजसास अ. उ. आ.

तुझा राग रास्त आहे. आता मी तालीम का सोडली ते सांगतो. हे सीमा सोडून कुणाला माहीत नाही.

प्रताप माझा जोडीदार. रोज एकमेकांना मातीत घोळायचो. १९७४च्या जत्रेत आमचीच कुस्ती लागली. मी त्याला चीत केलं. पाठ टेकली, पंचांनी शिट्टी मारली, पण लोकांचा एवढा गलका होता की मला ती ऐकू आली नाही. मी पकड सोडली नाही. त्याचा खांदा निखळला. तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. वस्तादांनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी पुण्याला गेलो, पुस्तकं धरली, मग इकडे आलो. सगळे मला अभ्यासू म्हणतात.

तुला शिकवताना तुमच्या खेळात शिट्टी कधी वाजते, हे मी एकदाही विचारलं नाही रे. गॅरेजात मी तुला शिकवत नव्हतोच, वीस वर्षांच्या एकनाथला शिकवत होतो. चूक माझी आणि नाचक्की तुझी झाली. माफ कर.

तुझे हात चांगले आहेत, हे मात्र शपथेवर सांगतो. टीम सोडायची तर खेळ नकोसा झाला म्हणून सोड, लाजेने सोडू नकोस. लाजेने सोडलेलं सुटत नाही. पुढे काय ते तूच ठरव. आमचा जीव तुझ्यात आहे, तू बेंचवर असलास तरी.

तुझा,
मामाआजोबा

नेपरव्हिल, ६ ऑक्टोबर २०२४

मामाआजोबांना नमस्कार.

मी टीम सोडली नाही. कोचला जाऊन सांगितलं की मला एक चुकीची सवय आहे, ती बदलायला एक आठवडा द्या. रोज प्रॅक्टिसनंतर एकटा थांबलो. कोणीतरी पडला की त्याच्यावरून पुढे पळायचं, शिट्टी होईपर्यंत. इट वॉज हार्ड.

परवा शुक्रवारी लास्ट क्वार्टरला मला आत घेतलं. पहिल्या चार प्लेमध्ये काहीच झालं नाही. पाचव्यात मनगट लागलं, मुलगा पडला, मी गेलो आणि क्वार्टरबॅकला पाडलं. आई आली होती! पूर्ण वेळ डोळ्यांवर हात, पण आली होती.

एक गंमत सांगतो. दोन हजार लोक ओरडत होते, बँड वाजत होता. मला वाटलं होतं, शिट्टी ऐकूच येणार नाही. पण ती एकदम क्लिअर येते. बाकी काही नाही आलं तरी ती येते. मी लगेच सोडलं.

आता राग नाही. प्रतापआजोबा आता कसे आहेत?

तुमचा,
ओजस

अल्फारेटा, १२ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रताप,

स. न. वि. वि.

पन्नास वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. हा पत्ता तुझ्या भावाच्या दुकानाचा, अजून लागतो की नाही ठाऊक नाही. तू आहेस ना, हेही ठाऊक नाही.

त्या दिवशी गलक्यात शिट्टी ऐकू आली नाही, असं मी पंचांना सांगितलं, वस्तादांना सांगितलं, तू दवाखान्यात पडला होतास तेव्हा तुझ्या आईला सांगितलं. गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या पोरालाही तेच लिहिलं.

मला ती ऐकू आली होती.

एकनाथ