जनरेटर आणि नवी टोपी

शनिवार, पाचोडजवळ. संध्याकाळ.

मुक्कामाच्या गाडीतली फ्रीज-पंख्याची बॅटरी उतरली, म्हणून माळावर जनरेटर लावला. एवढंच केलं मी! तर शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारबाबा नवी टोपी घेऊन हजर. "आवाज ऐकला. लगीन कुणाचं हाय?"

जनरेटर वाजला की लग्नच? पण माघारी कसं पाठवायचं, बाबा इस्त्रीचं धोतर नेसून आलेले. बायकोनं शिरा केला आणि खुशाल माझ्याकडं बोट दाखवलं, "नवरदेव हेच." बाबांनी टोपी माझ्याच डोक्यावर ठेवली. आहेर म्हणे! साठीत?

टोपी अजून डोक्यावरच आहे. बॅटरी अर्धीच भरलीय, सकाळी परत जनरेटर लावावा लागणार. आणि बाबा जाताना विचारून गेलेत, "उद्या सत्यनारायण किती वाजता?"