शेवटची गाठ

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर

चि. सौ. गरिमा हीस,
अनेक आशीर्वाद.

कोरियाहून पाठवलेला तुझ्या नाचाचा व्हिडिओ पाहिला. अंगात पांढरा पोशाख, हातात गाठी मारलेलं लांब पांढरं कापड. तू ते झटकत गेलीस आणि गाठी सुटत गेल्या. शेजारची अवंतिका म्हणाली, "काकू, कितना सुंदर, जैसे हंस." मला मात्र ते अशुभ वाटलं. पांढऱ्या कपड्यातली सून दिसली, आणि तुझ्या शेल्याची नि संग्रामच्या उपरण्याची लग्नातली गाठ आठवली.

तू सांगितलंस, हा तिथला जुना नाच, तिथली माणसं तो बघून रडतात नि हलकी होतात. गाठी म्हणजे गेलेल्या माणसाचं दुःख, त्या सुटल्या की तो मोकळा होतो. मी फोनवर चिडलेच. आपल्या घरात कोण गेलंय? नवरा सरहद्दीवर असताना असलं काही नाचू नये.

आज सकाळी संग्रामच्या पलटणीतून फोन आला. बर्फाचा कडा कोसळलाय, संग्राम नि त्याच्याबरोबर गस्तीवर गेलेले सापडत नाहीत, शोध चालू आहे. सुनेला मी कळवते, असं मी त्यांना म्हटलं.

मग तुझा नाच परत लावला. आता लग्नगाठ दिसेना. तिथल्या लोकांना जे दिसतं, तेच मला दिसायला लागलं. शेवटची गाठ सुटायच्या आधी मी व्हिडिओ थांबवला. तो तसाच थांबलेला आहे.

वर तुझ्या नावाआधी सौ. लिहिताना हात अडखळला, तरी लिहिलं. ते सौ. खरं आहे हे कळेपर्यंत पत्र माझ्याजवळच राहील.

तुझी सासू,
सुधा