बस लागली, म्हणजे धडकली

३ जून
प्लास्टर निघालं. टाचेत अजून कळ येते. कारखान्यात निरोप दिला, पंधरा दिवसांत येते. चेकिंगच्या टेबलाला आठ तास उभं राहायचं असतं, म्हणून साहेब नुसतं "बघू" म्हणाले. बघू काय, बघू! येणार म्हणजे येणार.

९ जून
भरपाईच्या दाव्यासाठी केलेल्या वकीलबाईंनी दवाखान्याचा कागद वाचून दाखवला, मी कपाळावर हात मारला. सातपूरला रस्ता ओलांडताना सिटी बसने उडवलं. डॉक्टर पोरीने विचारलं, काय झालं? मी कण्हत म्हणाले, "बस लागली." तिने लिहिलं: बस लागल्याने मळमळ, चक्कर, उतरताना पडल्या. अगं बाई! आता बसवाले म्हणतात, प्रवासी होत्या, आपल्या आपण पडल्या.
हे हसत सुटले. "तुला तर झोपाळासुद्धा लागत नाही."
"हसू नका. कोर्टात येऊन हेच सांगा."

१२ ऑगस्ट
कोर्ट. बसवाले म्हणे ड्रायव्हर ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणे बस बसवाल्यांच्याच हुकमाने धावते. "मग काय आपोआप चालून आली?" मी मोठ्यानेच बोलले. वकीलबाईंनी चिमटा काढला.
नंतर ठेकेदाराच्या वकिलाचे मला प्रश्न. "बस लागली म्हणजे मळमळलं, बरोबर?"
"साहेब, मळमळून टाच मोडलेला एक माणूस दाखवा."
जज हसले. बहुतेक.

१८ ऑगस्ट
साहेबांचं दोन महिने "बघू" चाललं, आता कारखान्याचं पत्र. जागा भरली. एकोणीस वर्षं... खूप रडले. मग उठून भाकऱ्या थापल्या, उभ्याने. ह्यांनी खुर्ची आणली, ती परत पाठवली.

२ सप्टेंबर
ड्रायव्हरची साक्ष. कळवणकडचा, चाळिशीचा, शर्टाची कॉलर घामाने भिजलेली. वकीलबाईंनी विचारलं, "ह्या तुमच्या बसमध्ये होत्या?"
"नाही. रस्त्यावर होत्या."
ठेकेदाराच्या वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं! कागद खोटा पडला.
"सिग्नल तुमचा होता?"
त्याने पाणी मागितलं. तेवढ्यात वेळ संपली, पुढची तारीख पडली.
बाहेर व्हरांड्यात गाठलं त्याला. म्हटलं, "भाऊ, खरं बोलायला लागलाच आहात, तर आता पुरतं बोला."
"नोकरी जाईल ना, ताई. लय मुश्किलीनं भेटली."
"माझी गेली."
त्याने माझ्या पायाकडे बघितलं.  पण निघून गेला नाही.