उंबऱ्यातली पलटण

१८ जानेवारी, रविवार

हिरवा रंग संपला! परवाच दोन पाकिटं आणली होती. रेवाला विचारलं तर म्हणते, "मम्मी, प्रॅक्टिस नको?" प्रॅक्टिस! आमच्या जूचंद्रात पोरींच्या हाती पेन्सिलच्या आधी रांगोळी येते आणि हिला बारावीत प्रॅक्टिस हवी.

हे एक तारखेला येणार. सुट्टीवर नाही, कायमचे. हवालदार नरहरी भोईर, मराठा लाइट इन्फंट्री, चोवीस वर्षं पूर्ण. रेवाने ठरवलंय, दारात पप्पांच्या पलटणीचा बिल्ला काढायचा. दोन तलवारी, ढाल, खाली बिगुल, वर सिंह. बिगुल का, ते मला पाठ आहे. हलकं पायदळ पांगून लढायचं, म्हणून हुकूम बिगुलावर जायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी सांगितलं होतं. नवी नवरी मी, काय काय ऐकून घ्यायचे!

कायमचे, असं लिहिलं खरं. पण परवा फोनवर म्हणाले, "डीएससीचा फॉर्म आणलाय. बघू." रिटायर झालेल्या जवानांना परत घेतात, डेपो नाहीतर कारखाने सांभाळायला. म्हणजे पुन्हा कुठेतरी लांब आणि पुन्हा वर्षानुवर्षं. दहा फेब्रुवारीच्या आत पाठवायचा म्हणे. ह्यांच्या "बघू"चा अर्थ आजवर एकदाही "नाही" असा निघालेला नाही. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटली.

२४ जानेवारी

फोन आला. फॉर्मचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघंही शहाणे!

३१ जानेवारी, शनिवार

कंबर मोडली. पण झाला! ओटीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बोट ठेवायला जागा नाही. मागे टोपीवरच्या तुऱ्याचा लाल आणि हिरवा.

सकाळीच एक घोळ वाचला. रेवाने मोबाईलवरून कुठलासा जुना बिल्ला उतरवला आणि वर चक्क राजमुकुट आखला. इंग्रजांचा! मी ओरडलेच. मग तिला सांगितलं की आपलं राज्य आल्यावर मुकुट गेला आणि तिथे अशोकाचे सिंह आले. "तुला कसं माहीत?" म्हणे. सिंहांच्या तोंडांनीच दोन तास खाल्ले. सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, कान मोठं झालं." झाले होते. पुसून परत काढले.

१ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस!

बँड, फटाके, उघडी जीप, अर्धं गाव. हे हार घालून पायऱ्या चढले आणि रांगोळी दिसली तसे थांबले. टाचा जुळवल्या. कडक सॅल्यूट! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रेवा रडली.

मग हे पुढे येईनात. बँड थांबला. मी उंबऱ्याच्या आत आरतीचं ताट घेऊन उभी, कापूर विझत आलेला. "अहो, या ना आत." तर हळूच म्हणाले, "जया, याच्यावर पाय कसा ठेवू?"

तीस वर्षं रांगोळी काढतेय मी. पाय पडतो तिथे पलटण काढायची नसते, वर सिंह असताना तर नाहीच — हे मला सुचू नये? दोघी मायलेकी कानांची मापं काढत बसलो!

मी म्हणणार होते, पुसते थांबा. तोवर हे गर्रकन मागे वळले. ट्रंक उचलली आणि पायऱ्या उतरले. खोटं कशाला लिहू, मला वाटलं चालले. फॉर्म आहेच, आता निमित्तही मिळालं.

तेवढ्यात मागच्या मोरीतून बादली पडल्याचा आवाज. सासूबाई ओरडल्या, "कोन हाय रं मागं?"

"मी, आय."

"मागनं कशाला? चोर हायस का? ये, पानी घे आधी."

बूट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आले! ओवाळणी गॅसच्या शेगडीपाशी केली. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. पण माणूस घरात आला.

३ फेब्रुवारी

बिल्ल्याला झाडू कोण लावणार? कोणीच नाही. सगळं घर मागच्या दाराने चालू आहे. दूधवाला, म्हावरंवाली, सिलेंडरवाला, सगळे माझ्या ओट्याला खेटून ये-जा करतात. सासूबाईंचे गुडघे बोलतात. "माज्या घराला पुढं दार हाय का नाय?"

ह्यांनी रांगोळीभोवती विटा लावून पहारा ठेवलाय. तरी मांजर सिंहावरून गेलंच. मग स्वतः चिमूट घेऊन दुरुस्ती केली. सिंहाला मिशा आल्या! रेवा हसून लोळली. हे पण हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असे हसताना मी ह्यांना सुट्टीत कधी पाहिलं नव्हतं. सुट्टीत सारखा परतीचा दिवस डोक्यात असायचा.

ट्रंकेचं कुलूप मात्र अजून काढलेलं नाही. दहा तारीख जवळ आली. विचारणार नाही. मीपण हट्टी आहे.

५ फेब्रुवारी

आज दुपारी ह्यांनी रांगोळी उतरवली. "पुसली" म्हणाले नाहीत, "उतरवली" म्हणाले. झाडू नको म्हणाले. गुडघ्यावर बसून तळहाताने, आधी सिंह, मग तलवारी, ढाल, सगळ्यात शेवटी बिगुल. सगळे रंग मिसळून राखेसारखे झाले.

"पुडी बांधायला कागद दे." मी पेपर शोधायला आत गेले. परत येते तो ट्रंक उघडी आणि ह्यांनी स्वतःच कुठल्यातरी कागदाची पुडी बांधलेली. घट्ट आणि चौकोनी. देवाशेजारी ठेवली. रविवारी खाडीत सोडू म्हणाले.

मग उंबऱ्यात बसून चहा प्याले. सासूबाई पुढच्या दाराने दोनदा उगाचच बाहेर जाऊन आल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

खाडीवर गेलो, दोघंच. मी पुडी उघडून रांगोळी सोडली. पाण्यात आधी राखाडी दिसलं, मग जरासा हिरवा. कागद माझ्या हातात राहिला. उलटा करून पाहिला — डीएससीचा फॉर्म. नाव, नंबर, हुद्दा, सगळं भरलेलं. खाली सही. तारीख २० जानेवारी.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्याकडे बघत म्हणाले, "पेपर पातळ असतो. रांगोळी गळते."

मी म्हटलं, "बरं."