गुढीच्या काठीवरचं घरटं

२१ मार्च
लिहायला घेतलं याला कारण अण्णा. माझे धाकटे दीर, राहतात शहरात. घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी टाकलंय, "वहिनींनी यंदा गुढी अडवली." अडवलेली नाही; काठीवर घरटं आहे, ती यंदा काढू नका, एवढंच मी कळवलं होतं. म्हणून जे घडेल ते तारखेनिशी.
गुढीची काठी ओसरीच्या आढ्याला दोन दोऱ्यांत आडवी टांगलेली असते. सासऱ्यांच्या वेळची. तिच्या लोंबत्या सुतळीला शिंजिराच्या मादीनं घरटं विणलंय. आरसा धरून पाहिलं. अंडी दोन. मादी अंगठ्याएवढी, पण हलत नाही.
बी.एस्सी.ला पक्ष्यांची वही ठेवायचे. चाळीस वर्षांनी पुन्हा.

२४ मार्च
नर स्कूटीच्या आरशाशी भांडतो. स्वतःलाच चोची मारून दमला. आरशावर जुना मोजा चढवला.
कडब्याच्या गंजीत धामण. राहू दे, उंदीर आहेत.

२९ मार्च
अण्णा आले. हे गेल्यापासून तीन वर्षं गुढी तेच उभारतात.
"एका पाखरापायी? गुढी नाही दिसली तर लोक म्हणतील घरात सुतक आहे."
"दुसऱ्या काठीवर उभारा."
"घराण्याची काठी ती!"
मी स्वैपाकघरात गेले तेवढ्यात स्टूल घेऊन एक दोरी सोडलीसुद्धा. काठी तिरपी, घरटं कलंडलं, मादी उडाली. मी वर चढून दोरी होती तशी बांधली. अण्णा म्हणाले, "मग उभारा तुम्हीच!" जेवले नाहीत. गेले.
दु. १ पासून ओसरीसमोर बसून. ऊन. अंडी फुटली नव्हती, पण ती आली नाही तर...
४.१० ला आली. दोनदा भिरभिरून आत शिरली. चहा केला, साखर जास्त.

३० मार्च, पाडवा
आपल्या पडीक रानात धनगरांची मेंढरं बसलीत. स. ६ ला त्यांच्यातल्या गयाबाईकडं गेले.
"काठी देतेस का? गुढीला."
"अवो बाई, मेंढरामागं हिंडलेली काठी. तुमच्यात चालंल व्हय?"
"धुऊन घेते."
"लई बुटकी दिसंल."
"गच्चीवर बांधू."
ती हसली, काठी घेऊन स्वतःच आली. खण, लिंबाचा डहाळा, गाठी, वर तांब्या. मी उभारली. गाठ पहिल्याच फटक्यात बसली. गावच्या रस्त्यावरून दिसत होती. फोटो गटावर टाकला, मजकूर नाही.

३ एप्रिल
पिल्लं दोन. उघडी, काळपट. चोची मात्र सगळ्यात मोठ्या.
गटावर अण्णांनी फोटो पाहिल्याचं दिसतं.

१५ एप्रिल
स. ७.४० पहिलं उडालं, जास्वंदीपर्यंत. दुसरं घरट्याच्या दारातच, चिमुकला आवाज. ९ ला तेही.
दोन्ही. दोन्ही!

१८ एप्रिल
अण्णांचा फोन. "पाखरं गेली ना? आता काठी माझ्याकडं पाठवा. पुढल्या वर्षी गुढी इथंच उभारू."
"येऊन बोला," म्हटलं.

१९ एप्रिल
मेंढरं आज पैठणकडं निघाली. गयाबाईस दिलं : तिची काठी एक, धुऊन, तेल लावून. गुढीचा खण. गाठी लेकरांना.
"फुडल्या पाडव्याला हाय मी," म्हणाली.
अण्णांस : काही दिलेलं नाही. काठी आढ्यालाच आहे. मादी सकाळी पुन्हा त्याच सुतळीवर बसली होती, चोचीत कापूस.